कडक, भरदार आणि चवदार

मार्क ट्वेनने तंबाखूवरच्या एका निबंधात आपली एक खोडी सांगितली आहे. तो स्वतः स्वस्त आणि जहाल सिगारसाठी बदनाम होता, तर त्याचा एक मित्र उंची सिगारसाठी प्रसिद्ध. ट्वेनने मित्राच्या घरून कुणाचं लक्ष नसताना त्याचे चाळीस सेंटांचे, लाल-सोनेरी पट्टीचे सिगार दोन मुठी भरून उचलले, पट्ट्या काढून टाकल्या आणि ते आपल्या नेहमीच्या ब्रँडच्या खोक्यात भरले. मग बारा जणांना जेवायला बोलावलं. जेवणानंतर खोका फिरला. पाहुण्यांनी भीड म्हणून सिगार पेटवले, थोडा वेळ झुंज दिली आणि काहीबाही सबबी सांगून घाईघाईने काढता पाय घेतला. सकाळी घराच्या दारापासून फाटकापर्यंत सिगारचा सडा पडला होता. एकच सिगार बशीत राहिला होता, आणि तो होता ज्याच्या घरून माल आणला त्या मित्राचाच.

सिगारच्या परीक्षणांचा ढीग वाचताना ही गोष्ट जवळ ठेवावी. विशेषतः ज्याला ‘फुल-बॉडीड’ म्हणतात त्या भरदार, महागड्या सिगारविषयी वाचताना. या सिगारवर सर्वांत जास्त लिहिलं जातं, त्यांना सर्वांत जास्त गुण मिळतात, आणि त्यांच्याच बाबतीत परीक्षकाची सर्वांत जास्त फसगत होते. माझं म्हणणं थोडक्यात असं: भरदार सिगारच्या परीक्षणात चव म्हणून जे मांडलं जातं त्यातला बराचसा भाग निकोटिनची धडक, वळणाऱ्याचा हात आणि साठवणुकीची हवा यांचा असतो. हे तीन हिशेब आधी वेगळे केल्याशिवाय चवीबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

‘प्रीमियम’ म्हणजे काय, यावर फार वेळ घालवायला नको. अमेरिकेत सिगारवरच्या सरकारी नियमांचा वाद वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयात गेला, तेव्हा २०२३च्या निकालात व्याख्या बरीच नेमकी झाली: बाहेरचं रॅपर अखंड तंबाखूच्या पानाचं, त्याखाली फिलर बांधून ठेवणारा बाइंडरही पानाचाच, आतल्या फिलरमध्ये निम्मी तरी लांब पानं, हाताने वळलेला, फिल्टर नाही, तंबाखूखेरीज दुसऱ्या कशाची चव घातलेली नाही. पाणी आणि वनस्पतीजन्य डिंक चालतो. बाकी सोनेरी पट्टी, लाकडी पेटी आणि किंमत यांचा व्याख्येत उल्लेख नाही.

आता मुख्य गोंधळाकडे. सिगारवाले तीन शब्द वापरतात आणि तिन्हींची सरमिसळ करतात. पहिला जोर, म्हणजे निकोटिनचा परिणाम. सिगार किती कडक आहे ते इथे कळतं, आणि ते जिभेला नव्हे तर डोक्याला आणि पोटाला कळतं. दुसरा भरदारपणा, म्हणजे तोंडात धूर किती जड, दाट, चिकट वाटतो. तिसरी चव. हे तिन्ही गुण एकमेकांपासून बऱ्यापैकी स्वतंत्र असतात. कडक असून पाणचट सिगार मिळतो, आणि मध्यम जोराचा असूनही तोंडभर धूर देणारा मिळतो. कोल्हापूरच्या बाहेर तांबडा रस्सा म्हणून जे मिळतं त्यात मिरचीपूड असते, रस्सा नसतो. बरेचसे ‘पॉवरहाउस’ सिगार त्याच जातीचे असतात.

सिगारचा धूर छातीत ओढायचा नसतो, तरी निकोटिन चढतं. सिगारच्या पानांचं दीर्घ मुरवण झाल्यामुळे त्यांचा धूर सिगारेटच्या मानाने अल्कलीधर्मी असतो, आणि अशा धुरातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच शोषलं जातं. म्हणून नवखा माणूस अर्ध्या सिगारपर्यंत मजेत असतो आणि मग एकदम कपाळावर घाम, उचकी, मळमळ. जाणती मंडळी अशा वेळी साखर तोंडात टाकतात. मुद्दा असा की या अवस्थेतला परीक्षक शेवटच्या तिसऱ्या भागाविषयी जे लिहितो त्याला फारशी किंमत देऊ नये. तो सिगारचं नव्हे, स्वतःच्या पोटाचं वर्णन करत असतो.

हा जोर येतो कुठून, हे निपाणी-चिकोडीकडच्या तंबाखूवाल्याला सांगायला नको. निकोटिन मुळांमध्ये तयार होतं आणि वर चढून पानांत साठतं. शेंडा खुडला, बगलेतले फुटवे काढले की झाडाची सगळी ताकद उरलेल्या पानांत जाते. बिडीच्या तंबाखूत हेच करतात, सिगारच्या तंबाखूतही हेच. क्युबात फिलरच्या पानांची प्रतवारी झाडावरच्या जागेवरून होते. तळाची पानं ‘बोलादो’: हलकी, चव बेताची, पण पेट उत्तम घेणारी. मधली ‘सेको’: सुगंधाची. वरची ‘लिखेरो’: ऊन खाल्लेली, जाड, तेलकट, गडद, जोराची आणि हळू जळणारी. काही मोजक्या झाडांना अगदी शेंड्याला ‘मेदिओ तिएम्पो’ नावाची दोन पानं येतात. कोहिबा या क्युबन ब्रँडने २०१०मध्ये काढलेल्या बेहीके मालिकेचा सगळा डामडौल या पानांवर उभा आहे.

भरदार सिगार म्हणजे मिश्रणात लिखेरोचं प्रमाण जास्त, हे ढोबळमानाने खरं. पण लिखेरो जास्त घालणं सोपं आणि ते जळवणं कठीण. जाड पान हळू पेटतं, म्हणून वळणारा ते पान बरोबर मध्यभागी ठेवतो आणि भोवती सेको-बोलादो लावतो. लिखेरो एका बाजूला सरकलं तर ती बाजू मागे राहते, दुसरी पुढे जळत जाते आणि सिगारला होडीसारखा आकार येतो. पानं वहीसारखी एकावर एक दुमडली तर काम पटकन होतं, पण हवेची वाट कुठे मोकळी, कुठे बंद. प्रत्येक पानाची बारीक नळी करून त्या नळ्या शेजारी शेजारी लावल्या तर वेळ लागतो, पण हवा सारखी खेळते. सिन्नर-सोलापूरकडच्या बिडी वळणाऱ्या बायकांच्या बोटांत जे कसब असतं त्याच जातीचं हे कसब. फरक एवढाच की इथे आत चुरा नसून सबंध पानं असतात आणि त्यांचा क्रम चुकवून चालत नाही.

त्याआधी मुरवण. सुकवलेली पानं ओलावून त्यांच्या मोठ्या गंजी लावतात. आतून उष्णता वाढते, पारा चाळिशी ओलांडतो, अमोनिया बाहेर पडतो. ठरावीक उष्णतेला गंज मोडून वरची पानं खाली, खालची वर करतात. लिखेरोला ही प्रक्रिया सर्वांत जास्त काळ लागते. घाई केलेल्या कारखान्याचा कडक सिगार पहिल्या झुरक्यातच ओळखू येतो: नाकात मोरीसारखा वास, घशात ओरखडा. अशा सिगारवर ‘निर्भीड’, ‘रांगडा’ असे शेरे मारलेले मी वाचले आहेत. तो कच्चा असतो, बस्स.

जोराची ही आवड काही सनातन नाही. १९६०मध्ये क्युबाने सिगार-उद्योग ताब्यात घेतला, १९६२च्या फेब्रुवारीत केनेडींनी व्यापारबंदी घातली, आणि क्युबन घराणी आपलं कसब घेऊन डॉमिनिकन रिपब्लिक, होंडुरास, निकाराग्वा असं पांगली. त्यानंतरची बरीच वर्षं अमेरिकी गिऱ्हाईक कनेक्टिकटच्या फिकट रॅपरचे सौम्य सिगारच पसंत करत होतं. खोसे ओर्लांदो पाद्रोन यांनी १९६४मध्ये मायामीत सिगार वळायला सुरुवात केली ती तिथल्या क्युबन निर्वासितांसाठी, ज्यांना कडक माल हवा होता. १९७०मध्ये त्यांनी काम निकाराग्वात नेलं. १९७८च्या उठावात त्यांचा एस्तेलीतला कारखाना जळाला, १९८५मध्ये अमेरिकेने निकाराग्वावरही निर्बंध घातले, ते उठले १९९०मध्ये. मग १९९२मध्ये मार्व्हिन शँकेन यांचं ‘सिगार अफिशिओनादो’ मासिक निघालं, दशकाच्या मध्यावर अमेरिकेत सिगारची लाट आली आणि त्या लाटेवर स्वार होऊन कडक सिगार वर आले. डॉमिनिकन मातीत चांगलं रॅपर पिकतच नाही, असं सगळे म्हणत असताना कार्लोस फुएंते धाकटे यांनी ते पिकवलं आणि १९९५मध्ये ‘ओपसएक्स’ बाजारात आणला. त्या मासिकाच्या ‘वर्षातला सर्वोत्तम’ या मानाकडे पाहा: २००५मध्ये ओपसएक्स, २००६मध्ये क्युबाचा बोलिवार रॉयल कोरोना, २००७मध्ये पाद्रोन १९२६ क्रमांक ९. तिन्ही भरदार. चांगलं म्हणजे भरदार, हे समीकरण वाचकांच्या डोक्यात अशा निवडींनी पक्कं झालं. त्या सिगारांना नावं ठेवण्याचा हेतू नाही, ते उत्तमच आहेत. पण सौम्य सिगारला शंभरातले ९४ मिळायला दुप्पट झगडावं लागतं, हे कुठलेही जुने अंक चाळले तरी दिसतं.

आता प्रत्यक्ष चाखणं. उदाहरणाला पार्तागास सेरिये दे नुमेरो कुआत्रो घेऊ, ज्याला इंग्रजी बोलणारे ‘डी फोर’ म्हणतात. लांबी १२४ मिलिमीटर, जाडी ५० रिंग, म्हणजे इंचाचे ५० चौसष्टांश, सुमारे वीस मिलिमीटर. आधी तो बोटांत हलकेच दाबत टोकापासून टोकापर्यंत जावं. कुठे खड्डा लागला तर तिथे पान कमी. कुठे गाठ लागली तर तिथे धूर अडणार. रॅपरवर शिरा किती, तेलाची झाक आहे की पान कोरडं पडलंय, तोंडाकडच्या टोपीचे वेढे नीट बसलेत का, हे पाहायला अर्धं मिनिट पुरतं. टोपी वरच्या दीड-दोन मिलिमीटरवरच कापायची. खांद्याच्या खाली सुरी गेली की रॅपर सुटलंच म्हणून समजा. न पेटवता एक ओढ घ्यायची. या थंड ओढीत पुष्कळ कळतं: वाळलेलं गवत, मनुका, कधी गोठ्याचा वास (तो चांगला समजतात, आणि खरंच वाईट नसतो), आणि मुख्य म्हणजे हवा किती सहज येते ते.

ओढ ही सगळ्या परीक्षणाची नाडी आहे. ओढ घट्ट असली की धूर कमी येतो, म्हणून माणूस जोराने ओढतो, निखारा तापतो, धूर कडवट होतो. वहीत नोंद होते: ‘दुसऱ्या भागात कडू, तिखट’. मिश्रण करणाऱ्याचा यात काडीचा दोष नसतो. उलट ओढ फार मोकळी असली तर सिगार भराभरा जळतो आणि तसाच तापतो. १९९०च्या दशकाच्या अखेरीस क्युबाने उत्पादन झपाट्याने वाढवलं तेव्हा घट्ट सिगारच्या तक्रारींनी दुकानदार हैराण झाले होते. नंतर तिथल्या कारखान्यांत ओढ मोजणारी यंत्रं आली. तरीही एका पेटीत एखादा बंद सिगार निघतोच. म्हणून एकच सिगार ओढून केलेलं परीक्षण मी परीक्षण मानत नाही. निदान तीन हवेत, आणि जमल्यास वेगवेगळ्या पेट्यांतले.

पेटवताना पेट्रोलचा लायटर नको, वास बसतो. ब्युटेन किंवा लांब काडी, आणि पायाची, म्हणजे पेटवायच्या टोकाची, सबंध चकती सावकाश शेकून घ्यायची. मग मिनिटाला साधारण एक झुरका. परीक्षकाची शिस्त खरी इथे दिसते. भरदार सिगार घाई अजिबात सहन करत नाही, आणि गप्पांच्या मैफलीत ओढलेल्या सिगारवर दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेले शेरे वाचायला कितीही रसाळ असले तरी मापाचे नसतात. रिकाम्या पोटी बसू नये. सोबत साधं पाणी. रमबरोबर सिगार छान लागतो हे कबूल, पण मग ते रमचं आणि सिगारचं मिळून परीक्षण झालं.

राखेबद्दल उगाच फार बोललं जातं. शेरलॉक होम्स ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये राखेवरून त्रिचनापल्लीचा चिरूट ओळखतो, तेव्हापासून की काय, राख पाहून डोकं डोलावण्याची प्रथाच पडली आहे. लांब, घट्ट राख आतल्या लांब पानांची आणि नीट वळणीची साक्ष देते, तेवढं खरं. रंग मात्र मातीतल्या खनिजांचा. पांढरी राख म्हणजे उंची सिगार, हे खुशाल विसरावं. रॅपरच्या रंगाचंही तेच. काळा तो कडक, असं समजणाऱ्याने पाद्रोनची १९६४ ॲनिव्हर्सरी मालिका पाहावी. तो सिगार फिकट ‘नॅचरल’ आणि गडद ‘मादुरो’ अशा दोन रॅपरमध्ये मिळतो. मादुरोचा काळा रंग जास्त मुरवण्याचा आणि उष्णतेचा असतो. त्यात कोको, काकवी अशा गोडसर छटा पुढे येतात, जोर वाढतोच असं नाही. डोळे मिटून ओढायला दिल्यास जास्त कडक कोणता, याचं उत्तर बरेच जण चुकवतील.

नाकाची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे परीक्षकाला सूट द्यायला मी तयार आहे. जीभ पाच-सहा चवींपलीकडे काही सांगत नाही. बाकी सगळं घशामागून नाकात जाणाऱ्या वासाचं काम. म्हणून जाणकार तोंडातला धूर थोडा नाकावाटे सोडतात, छातीत न नेता. पहिल्यांदा डोळ्यांत पाणी येतं. जमलं की एकाच झुरक्यात दोन सिगार आहेत की काय असं वाटतं: तोंडात जे नुसतं ‘तंबाखू’ होतं ते नाकात कोरी कॉफी, सीडरचं लाकूड, ओली माती, भाजलेले शेंगदाणे, जायफळ असं उलगडतं. मात्र ज्या ‘मिरी’चा भरदार सिगारच्या वर्णनात सुकाळ असतो ती चवही नव्हे आणि वासही नव्हे. ती नाकातल्या चेतातंतूंची चुरचुर आहे. पहिल्या पाच मिनिटांत ती असते आणि ओसरते. ती ओसरल्यावर खाली काय उरतं, यात सिगारची किंमत आहे. पुष्कळ नामांकित सिगारांत खाली फारसं काही उरत नाही.

नऊ-नऊ चवी मोजणाऱ्या शेऱ्यांवर माझा विश्वास नाही. ‘शेवटच्या भागात कँडी केलेल्या संत्र्याच्या सालीची पुसट आठवण’ असलं काही वाचलं की लेखकाला शब्दांचा भाव मिळतो हे समजतं. चांगल्या परीक्षकाच्या वहीत दोन-तीन ठळक छटा असतात, त्या कधी बदलल्या याची नोंद असते, आणि बदल नसेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. पहिला, दुसरा, तिसरा असे तीन भाग पाडण्याची पद्धत उपयोगी आहे, कारण धूर उरलेल्या पानांतून जात असल्यामुळे शेवटाकडे ओलावा, तेलं आणि उष्णता साचत जाते. शेवटी सगळेच सिगार कडवट होतात. लवकर होतो की उशिरा, ते पाहायचं.

शंभर गुणांची पद्धत वाइनकडून आली. ‘सिगार अफिशिओनादो’ने एक गोष्ट मात्र योग्य केली: पट्ट्या काढून, आकडे लावून सिगार परीक्षकांपुढे ठेवायचे. दिसणं आणि बांधणी, जळण्याचे गुण, चव आणि एकूण मत यांवर गुण पडतात. नव्वद-चौऱ्याण्णव म्हणजे उत्कृष्ट, पंचाण्णव आणि त्यावर अभिजात. अडचण अशी की शंभराची पट्टी असली तरी व्यवहारात बहुतेक गुण पंच्याऐंशी ते पंचाण्णव या गल्लीत दाटीवाटीने उभे असतात, आणि ९१ व ९२मधला फरक परीक्षकाच्या दुपारच्या जेवणाने पुसून जाऊ शकतो. शिवाय ज्यांच्या सिगारचं परीक्षण त्यांच्याच पानपानभर जाहिराती त्याच अंकात. अप्रामाणिकपणाचा आरोप मी करत नाही. पण सत्तरच्या खालचे गुण छापलेले कितीसे दिसतात? बांधणीचे गुण वेगळे आणि चवीचे वेगळे छापले तर वाचकाला एका आकड्यापेक्षा पुष्कळ जास्त कळेल.

तब्येतीचा विषय टाळला तर हा आढावा खोटा ठरेल. सिगारच्या परीक्षणांत तो कधीच नसतो. १९९८मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने सिगारवर स्वतंत्र ग्रंथच काढला: रोज सिगार ओढणाऱ्यांत तोंड, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुफ्फुस यांच्या कर्करोगाचा धोका स्पष्ट वाढतो, मोठ्या एका सिगारमध्ये सिगारेटच्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. धूर छातीत न नेल्याने तोंड सुटत नाही. सिग्मंड फ्रॉइड दिवसाला वीसेक सिगार ओढत. १९२३मध्ये जबड्याच्या कर्करोगाचं निदान झालं, पुढच्या सोळा वर्षांत तीसहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या, आणि सिगार त्यांना सोडवला नाही. हाताने वळलेला, भेसळ नसलेला म्हणून सिगार निर्मळ, हा दुकानदारी युक्तिवाद आहे. कधीमधी ओढणाऱ्याचा धोका रोज ओढणाऱ्याहून कमी, एवढंच म्हणता येतं. आणि परीक्षक हा व्याख्येनेच कधीमधी ओढणारा नसतो.

आपल्याकडे बसून परीक्षण करणाऱ्यापुढे आणखी एक प्रश्न आहे, हवेचा. सिगार ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत आणि वीस अंशांच्या आसपास ठेवायचा असतो. मुंबईच्या जुलैत हवा नव्वदच्या पुढे जाते, पुण्या-नागपूरच्या एप्रिलमध्ये ती वीसवर येते. ओला सिगार फुगतो, ओढ बंद होते, वारंवार विझतो. सुकलेला तडकतो आणि तिखट जळतो. दोन्ही दोष मग ब्रँडच्या नावावर खपतात. भरदार सिगारला दमट हवेचा फटका जास्त बसतो, कारण जाड लिखेरो पाणी धरून ठेवतं. आपल्याकडे ६५च्या जवळ राहणंच बरं, आणि नव्याने आलेल्या सिगारला ह्युमिडोरमध्ये, म्हणजे आर्द्रता राखणाऱ्या पेटीत, महिनाभर तरी पडू द्यावं.

उष्णतेचा दुसरा धोका म्हणजे कीड. पानांत किड्याची अंडी आधीपासून असतात आणि पंचविशी ओलांडलेल्या उष्णतेत ती फुटतात. रॅपरवर टाचणीने टोचल्यासारखं गोल भोक दिसतं, खाली बारीक पूड पडलेली असते. ‘लॅसिओडर्मा’ हा तोच तपकिरी किडा, जो घरात वर्षभराच्या हळकुंडांना आणि धन्यांना लागतो. पेटी पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये, मग एक दिवस फ्रीजमध्ये आणि त्यानंतर बाहेर, हा उपाय चालतो. एकदम बाहेर काढल्यास रॅपर फाटतं.

राहता राहिली खरेदी. २०१६च्या बॅगेज नियमांनुसार परदेशाहून येणाऱ्याला २५ सिगार करमुक्त आणता येत होते, म्हणजे नेमकी एक पेटी, आणि ती बहुधा दुबईच्या विमानतळावरून येई. क्युबन माल घेताना सावध राहावं. २०२२मध्ये हबानोस या क्युबाच्या सिगार-कंपनीने भाव एकदम वर नेले, त्याच सप्टेंबरात इयान वादळाने क्युबातल्या पिनार देल रियोतली पानं सुकवण्याची हजारो लाकडी घरं पाडली, आणि तुटवडा पडला की नकली मालाची चंगळ होते. काचेच्या झाकणाच्या पेटीतला कोहिबा कुणी स्वस्तात देऊ केला तर हात लावू नये. कोहिबा तशा पेटीत कधीच निघालेला नाही. पाद्रोनने आपल्या १९६४ आणि १९२६ मालिकांच्या पट्ट्यांवर म्हणूनच प्रत्येक सिगारला वेगळा क्रमांक छापायला घेतला. पेटी उघडल्यावर दोन सिगारवर एकच क्रमांक दिसला, तर पुढचं परीक्षण करण्याचं कारण नाही.